फोटोपुरतं ताट

४ मे २०२०, सोमवार. गच्चीवर जुनी साडी पसरून मी सुकट निवडत बसले होते. टाळेबंदी असो नसो, आगोट, म्हणजे पावसाळ्याची बेगमी, मे महिन्यातच भरावी लागते. पावसाळ्यात होड्या वर काढल्या की पुढे बरण्यांत असेल त्यावरच कालवण होतं. माझं माहेर तारापूरच्या बाजूचं, किनाऱ्यावरचं. भावाने सुकट आणि बोंबील गोणीत भरून ठेवले होते, ते नवऱ्याने आणले. तो औषधाच्या कारखान्यात कामाला, त्यामुळे त्याच्याकडे रस्त्यावर फिरायचा पास होता.

सुकट निवडायची म्हणजे मुंड्या मोडायच्या, वाळू आणि शिंपल्यांचे तुकडे काढायचे, आणि परत उन्हात टाकायची. हात आपोआप चालतात आणि डोकं रिकामं राहतं. त्या दिवसांत डोकं रिकामं राहिलेलं मला नको असायचं. खाली माझ्या खाणावळीचं शटर मार्चपासून बंद होतं.

बोईसरमध्ये मी कॉलेजच्या पोरापोरींची खाणावळ चालवते. गाळा भाड्याचा, मागे आमच्या राहत्या दोन खोल्या. वरच्या मजल्यावरच्या खोल्या घरमालक मुलींना भाड्याने देतो. तो स्वतः राहतो पालघरला. खोलीत गॅस किंवा स्टोव्ह ठेवायचा नाही ही त्याची अट, आगीच्या भीतीने. त्यामुळे वरच्या सगळ्या मुली माझ्याकडेच जेवायच्या.

पोरं काय खातात हे त्यांच्या आईबापांपेक्षा मला जास्त माहीत असतं. मुलगे भात तीनदा मागून घेतात आणि भाजी ताटात सोडतात. मुली दोघींत एक डबा सांगतात आणि वरून म्हणतात, आमाला तेवढी भूक नसते. पोळीभाजी टाकून वडापाव खाणारे असतात, आणि वडापाववरच दिवस काढणारेही असतात. दोघांत फरक आहे. पहिला वडापाव खाताना गप्पा मारतो, दुसरा आधी पाणी पितो. महिनाअखेरीला मुलींचे उपास वाढतात. गुरुवार, संकष्टी, शनिवार, वाटेल ते. मी अशा उपासाला कधी साबुदाणा करून दिला नाही. आमटीभात वाढून ताट समोर ठेवायची आणि म्हणायची, देवाला मी सांगते काय ते. तेव्हा खाणावळ चालू होती, त्यामुळे असं बोलता यायचं.

टाळेबंदी लागली तेव्हा वरच्या खोल्यांतल्या बहुतेक मुली मिळेल त्या गाडीने गेल्या. डोंगरातल्या पाड्यांवरच्या दोघी भाजीच्या रिकाम्या टेम्पोत बसून गेल्या. त्यांच्याच खोलीतली तिसरी राहिली. ती विज्ञानाच्या दुसऱ्या वर्षाला होती. तिच्या पाड्यावर तेवढं शिकलेलं तोवर कुणी नव्हतं. तिथे फोनला रेंज यायला टेकडीवर चढावं लागायचं. कॉलेजातून निरोप येत होते की परीक्षा केव्हाही जाहीर होईल, संपर्कात राहा. घरी गेले तर निरोप चुकेल, परीक्षा चुकेल, वर्ष जाईल, आणि वर्ष गेलं की बाप परत पाठवणार नाही, असा तिचा हिशोब होता. म्हणून ती थांबली. एकटी, विजेची एक किटली आणि घरून आणलेली थोडी सुकी मासळी घेऊन. ती मासळी भाजायला तिच्याकडे आच नव्हती.

मी रोज विचारायची, जेवलीस का गं. ती रोज म्हणायची, झालं काकी. बोलण्यावर मी विश्वास ठेवत नाही, कचऱ्यावर ठेवते. तिच्या दारातल्या डब्यात आधी नूडल्सची पाकिटं असायची, मग नुसते बिस्किटांचे पुडे, आणि एप्रिलच्या शेवटी शेवटी काहीच नाही. ती दुपारपर्यंत झोपून राहायला लागली. आळस म्हणून नाही. दुपारी उठलं की सकाळचं खाणं आपोआप टळतं, हे खाणावळवालीला कुणी सांगावं लागत नाही. मी डबा घेऊन वर गेले तर दार उघडून हसायची आणि डबा परत करायची. म्हणायची, तुमचाच धंदा बंद हाय, तुमी कशाला. एकदा मी डबा उंबऱ्यात ठेवून आले. तो तसाच खाली येऊन माझ्या ओट्यावर बसला. झाकणसुद्धा उघडलेलं नव्हतं.

गावच्या रेशनकार्डावर तिचं नाव, त्यामुळे इथल्या दुकानात तिला तांदूळ मिळायचा नाही. गावात तिच्या नावाचा तांदूळ येत होता आणि तिथे ती नव्हती.

तर त्या सोमवारी ती गच्चीवर आली. फोन हातात, केस विंचरलेले.

"काकी, एक ताट वाढून द्याल? खायाला नाय. फोटूला पायजे."

मी मुंड्या मोडायचं थांबवलं. मग तिने सांगितलं. कॉलेजने घरबसल्या एक प्रकल्प दिला होता, टाळेबंदीतला माझा समतोल आहार. आपण काय जेवतो त्याचा फोटो काढायचा, खाली दहा ओळी लिहायच्या आणि सरांना पाठवायचा. अंतर्गत गुण होते त्याला. वर्गातल्या काही मुलींनी फेसाळ कॉफीचे आणि घरच्या केकचे फोटो टाकले होते. सर म्हणाले होते, हे नको, खरं जेवण दाखवा.

मी खाली जाऊन ताट वाढलं. तांदळाची भाकरी, सुक्या बोंबलाचं कालवण, वाटीभर भात, चवळीची उसळ. एका बाजूने चेपलेलं माझं ठेवणीतलं स्टीलचं ताट. ती ओट्याजवळ उभी राहून बघत होती. म्हणाली, हिरवं काय हाय का, समतोलला हिरवं लागतं. हिरवं म्हणायला कोथिंबीर होती. तिने तिच्या दोन काड्या तोडून भातावर ठेवल्या, काढल्या, कालवणाच्या कडेला ठेवल्या. चेपलेली बाजू भिंतीकडे फिरवली. खिडकीच्या उजेडात ताट सरकवून तीन-चार फोटो काढले. त्यातला एक मला दाखवला आणि विचारलं, बरा आलाय ना. बरा आला होता.

मग तिने ताट दोन्ही हातांनी उचललं आणि माझ्यासमोर धरलं.

मी म्हटलं, "आता खा ते."

"माजं झालंय, काकी."

बोंबलाच्या वासाने तिचा गळा हलत होता, तो मला दिसत होता. पण ताट खाली येईना. शेवटी मी घेतलं. ती वर गेली, जिन्यात एकदा भिंतीला हात लावून थांबली आणि मग गेली.

दया आली असं मी म्हणणार नाही. मला राग आला होता. तिच्यावर, तिच्या सरांवर, घरमालकाच्या गॅसच्या अटीवर, सगळ्यांवर एकदम. रागात मी तेच ताट घेऊन बसले आणि सगळं खाल्लं, कारण वाढलेलं वाया घालवत नाही.

खाताना मला वाट्याची आठवण झाली. आमच्या किनाऱ्यावर होडी लागली की ती वर ओढायला जो हात लावील त्याला मासळीचा वाटा पडतो. मग तो होडीवाल्यांचा कुणी असो नसो. वाटा घेताना कुणी आभार मानत नाही आणि देणारा तोंडाकडे बघत नाही. दोर ओढला, वाटा झाला. तिच्याकडे डोंगरातही भातकापणीला गेलेल्यांना भातच मिळतं, हे तिने मला कधीतरी सांगितलं होतं. म्हणजे फुकटचं आणि वाट्याचं यातला फरक ती जाणून होती.

दुसऱ्या दिवशी मी तिच्या दारावर थाप मारली आणि सांगितलं की सुकट ढीगभर पडलीय, माझी कंबर धरते, हात लाव, वाटा देईन. दार पूर्ण उघडलं.

तिचे हात माझ्यापेक्षा सावकाश चालायचे, पण ती एक मुंडी सोडत नसे. दुपारी काम थांबलं तेव्हा मी दोन वाटे केले. सुकटीचे नाही, जेवणाचे. तिचा तिच्यापुढे ठेवला आणि स्वतःच्या वाट्यात बघत जेवले. ती जेवली. आधी पाणी प्यायली, मग भात. भाकरी अर्धी राहिली ती फडक्यात बांधून वर नेली. मी बघितलं नाही असं केलं.

असे काही दिवस चांगले गेले. सुकट निवडून संपली, बोंबील चिरून बरण्यांत गेले, मिरच्यांची देठं काढून झाली. मग काम उरेना. मी खाणावळीतले मोठे टोप घासायला काढले. ते झाल्यावर परत काढले. ती घासणीला राख लावून टोपाजवळ बसली, आत वाकून बघितलं आणि म्हणाली, "काकी, हा टोप कालच घासला की आपण."

मी म्हटलं, डाग राहिलाय. ती म्हणाली, डाग नाय. आणि त्या दिवशी वाटा न घेता वर गेली.

पण तिने दुसरी एक वाट काढली होती. कॉलेज गरजू विद्यार्थ्यांना किराण्याचं किट वाटणार असा निरोप आला होता. तांदूळ, डाळ, पीठ, तेल. तिने नाव दिलं होतं. किट आलं की माझं माझं तुमच्या गॅसवर शिजवीन, तुमी फक्त गॅस द्या, असं तिने मला दोनदा सांगितलं. तिचं हे बोलणं मला आवडलं होतं. स्वतःचा तांदूळ असला की ती खाली येऊन जेवणार होती, आणि परीक्षा होईपर्यंत टिकणार होती.

किटची गाडी आली तेव्हा गल्लीत खडूने गोल काढले होते. मास्क लावलेली पोरंपोरी त्यात उभी. एकेकाचं नाव पुकारायचे, पिशवी हातात द्यायचे, मास्क जरा खाली करायला लावून फोटो काढायचे. पलीकडच्या चाळीतल्या मुलांना मिळालं. हिचं नाव काही आलं नाही. गाडीचं दार लागायला लागलं तेव्हा ती गोलातून बाहेर न येता तशीच उभी राहिली. मी शटरपाशी होते. मी पुढे झाले आणि सरांना विचारलं.

सर तरुण होते, घामाघूम झालेले. वाईट माणूस वाटले नाहीत. त्यांनी नम्रपणे सांगितलं की किट कमी आणि नावं जास्त, म्हणून खरी गरज बघून निवड केली. मग त्यांनी फोन काढला आणि मला फोटो दाखवला. भाकरी, बोंबील, उसळ, कोथिंबीर.

"हिचा प्रकल्प आम्ही कॉलेजच्या पानावर टाकलाय, मॅडम. इतकं छान जेवण वर्गात कुणाचं नव्हतं. हिला किट दिलं तर बाकीची मुलं आम्हाला काय म्हणतील?"

मी म्हटलं, "ते ताट माझं आहे."

"म्हणजे तुम्ही तिला जेवायला घालता. चांगलंच आहे की. मग ज्याला कुणी नाही त्याला हे जाऊ दे."

"तिने त्यातला एक घास खाल्ला नाही. फोटो काढला आणि ताट मला परत दिलं."

सरांनी फोन खाली केला. माझ्याकडे बघितलं, मग तिच्याकडे.

"तसं असेल तर प्रकल्प खोटा ठरतो. अंतर्गत गुण आहेत त्याला. मला वर कळवावं लागेल."

खडूच्या गोलातून ती म्हणाली, "खाल्लं, सर. सगळं खाल्लं. काकी इसरल्या."

गाडीचा ड्रायव्हर हॉर्नवर हात ठेवून बसला होता. सर माझ्या उत्तराची वाट बघत होते. ती माझ्याकडे बघत नव्हती, पायाखालच्या खडूकडे बघत होती.

मी म्हटलं, "हो. विसरले असेन."

सर समाधानाने हसले, काळजी घ्या म्हणाले आणि गाडी गेली. पुढच्या आठवड्यात परत गाडी येईल असंही म्हणाले होते. आली नाही.

संध्याकाळी ती खाली आली आणि काही काम आहे का विचारलं. मी तिला लसूण सोलायला दिला. लागणार नव्हता एवढा. तिला ते कळलं असणार, पण ती सोलत राहिली. जेवणाचे दोन वाटे केले तेव्हा तिने मुकाट्याने आपला घेतला. ज्या मुलीने ताट हातात असून घास घेतला नव्हता, तिला आता खोटं काम करून जेवावं लागत होतं. हे मला तेव्हाही आवडलं नाही आणि आज आठवलं तरी आवडत नाही. टोपातल्या डागाचं खोटं तिने पहिल्यांदा पकडलं होतं, तेव्हा ती जास्त ताठ बसली होती.

परीक्षेचा निरोप मग काही दिवसांनी आला. परीक्षाच होणार नव्हती. पहिल्या आणि दुसऱ्या वर्षाच्या मुलांना आधीच्या आणि अंतर्गत गुणांवर पुढे ढकलायचं ठरलं होतं. तिने तो निरोप मला वाचून दाखवला, मग परत मनात वाचला. मी कणीक मळत होते. तिने विचारलं,

"मग मी थांबले कशाला, काकी?"

मी कणीक मळत राहिले.

नवऱ्याने ओळखीचा एक टेम्पोवाला बघितला, कांदे उतरवून मनोरच्या बाजूला रिकामा जाणारा. मनोरपर्यंत तिचा बाप सायकलवर येणार होता. गावच्या वेशीवर लोकांनी काटेरी फांद्या टाकल्या होत्या. बोईसरहून येणाऱ्याला आधी शाळेत वेगळं ठेवत होते, डबा घरच्यांनी दारात नेऊन ठेवायचा. तिने हे सगळं हसत सांगितलं. शाळेत तरी आईचा डबा येईल, म्हणाली.

जाताना मी तिला सुकटीचा डबा दिला. ती हात मागे घ्यायच्या आत मी म्हटलं की हा निवडणीचा वाटा आहे, जेवणाचा वेगळा होता, हा राहिला होता. तिने डबा हातात घेऊन जरा हलवून बघितला. खरंच राहिला होता का ते ती ठरवत असावी. मग पिशवीत टाकला. टेम्पोत मागे रिकाम्या गोण्यांवर बसली आणि ओढणी तोंडाला बांधली.

ती परत आली नाही. कॉलेज फोनवर सुरू झालं आणि तिच्या पाड्यावर टेकडी चढल्याशिवाय कॉलेज लागत नव्हतं. पावसात टेकडी कोण चढणार. वर्षभराने तिच्या खोलीतली एक मुलगी माझ्याकडे जेवायला परत आली, तिने सांगितलं की हिचं लग्न झालं, नवऱ्याबरोबर ती वीटभट्टीवर असते. दुसरं वर्ष मात्र ती उत्तीर्ण आहे. कागद कॉलेजात पडून असेल. माझं ताट कॉलेजच्या पानावर अजून आहे. मुलं जेवताना कधी कधी फोन पुढे करून दाखवतात, काकी, हे तुमचंच ना, कड चेपलेली दिसते. तिने चेपलेली बाजू भिंतीकडे फिरवली होती, तरी दिसते.

पण हे पुढचं. ती गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी पहिलं काम केलं ते सरांना फोन लावायचं. नंबर गाडीवरच्या फलकावरून उतरवून घेतला होता. परीक्षा नाही म्हणजे आता अंतर्गत गुणांवरच सगळं, तर त्या प्रकल्पाला तिला किती दिले एवढंच मला हवं होतं. सरांनी शोधून सांगितलं, दहापैकी नऊ. मी विचारलं, एक कशाचा कापला. ते म्हणाले, ताटात फळ नव्हतं.

मी फोन ठेवला, गच्चीवर गेले, आणि राहिलेल्या सुकटीला ऊन दाखवलं.